टेलिफोटो झूम लेन्सच्या स्वयंचलित फोकसचे अंशशोधन : एक विवेचन

प्रस्तावना :

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्या अभ्यासकांच्या आणि हौशी मंडळींच्या हातांत आता दुर्बिणीच्या जोडीने टेलिफोटो झूम लेन्स असते. पक्ष्याचे छायाचित्र हा केवळ छंदाचा विषय राहिलेला नसून नोंदीचा पुरावा म्हणूनही त्याचा उपयोग होतो. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे चिखलात वावरणारे दोन पक्षी आकाराने जवळजवळ सारखे. पहिल्याचे पाय काळे, तर दुसऱ्याचे पिवळसर असतात. पाय चिखलाने माखलेले असतील, तर पाठीवरील पिसांच्या कडांवरून ओळख पटवावी लागते. छायाचित्रात पक्ष्याऐवजी त्याच्या मागील चिखल सुस्पष्ट आला असेल, तर ती नोंद संशयास्पद ठरते. असे वारंवार घडू लागले, की लेन्स सदोष आहे असा निष्कर्ष काढला जातो. ती दुरुस्तीस पाठविली जाते किंवा तोटा सोसून विकली जाते. काही जण कॅमेऱ्यातील फोकस-सुधारणेचा आकडा अंदाजाने बदलतात आणि मूळचा लहान दोष मोठा करून ठेवतात.

हा आकडा नेमके काय दुरुस्त करतो आणि काय करू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणासाठी निकॉन डी-५०० हा सन २०१६ मधील कॅमेरा आणि त्याच कंपनीची सन २०१५ मध्ये आलेली २००-५०० मि.मी., एफ/५.६ ही लेन्स घेतली आहे. या कॅमेऱ्याचे उत्पादन सन २०२२ मध्ये थांबले. त्यामुळे तो आता जुन्या बाजारातून घेतला जातो. कॅमेरा एकाकडून व लेन्स दुसऱ्याकडून घेतलेली असताना त्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

प्रकाशाच्या दोन वाटा :

कोनिका कंपनीने सन १९७७ मध्ये स्वयंचलित फोकस असलेला कॅमेरा सर्वसामान्यांसाठी बाजारात आणला. बदलत्या लेन्सच्या, आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत मात्र ही सोय खऱ्या अर्थाने रुजली ती सन १९८५ मधील मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यापासून. त्यातील मूलतत्त्व आरसायुक्त कॅमेऱ्यांत पुढेही कायम राहिले.

लेन्समधून आलेला बहुतांश प्रकाश मुख्य आरशावरून परावर्तित होऊन वर दृश्यदर्शकाकडे जातो. या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला प्रकाश मागील एका छोट्या उपआरशावर पडतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसविलेल्या फोकस-संवेदकाकडे वळतो. तेथे लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंकडून आलेले किरण वेगळे करून त्यांच्या दोन प्रतिमा तयार केल्या जातात. या दोन प्रतिमांमधील अंतरावरून फोकस पुढे चुकला आहे की मागे, आणि किती, हे दोन्ही कळते. यास कलाभेद पद्धत किंवा प्रचलित भाषेत ‘फेज डिटेक्शन’ म्हणतात. चूक किती हे आधीच कळत असल्यामुळे लेन्सला पुढेमागे चाचपडावे लागत नाही. ती जवळजवळ एका झेपेत योग्य जागी जाते. उडत्या पक्ष्याचे छायाचित्र शक्य होते ते यामुळेच.

या वेगाची किंमत म्हणजे येथे मोजणी एका जागी होते आणि चित्र दुसऱ्या जागी उमटते. बटण दाबताच दोन्ही आरसे वर जातात व प्रकाश सरळ मागील चित्रसंवेदकावर पडतो. लेन्सपासून फोकस-संवेदकापर्यंतची वाट आणि लेन्सपासून चित्रसंवेदकापर्यंतची वाट तंतोतंत समान लांबीची असेल, तरच मोजलेला फोकस चित्रात उतरेल. उपआरशाचा कोन किंचित ढळला किंवा संवेदकाची बैठक थोडी वरखाली झाली, की फोकस-संवेदक ‘बरोबर आहे’ असे सांगत असतानाही चित्र चुकते.

‘लाइव्ह व्ह्यू’ या पद्धतीत आरसे वर उचललेले असतात आणि खुद्द चित्रसंवेदकावरील प्रतिमेचा छटाभेद पाहून फोकस ठरविला जातो. ही पद्धत संथ आहे. परंतु तिच्यात दोन वाटा नसल्यामुळे दोन वाटांमधील तफावतही नाही. म्हणून अंशशोधनात हिलाच प्रमाण मानावे लागते.

एक दशांश मिलिमीटरचे गणित :

नेहमीच्या वापरातील पांढऱ्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मि.मी. असते. दोन वाटांच्या लांबीत एवढाच फरक पडला आहे असे मानू. लेन्स ५०० मि.मी. वर आणि पक्षी १० मीटर अंतरावर असता फोकसची पातळी पक्ष्यापासून सुमारे ३.६ सें.मी. सरकेल. पक्षी २० मीटरवर असेल, तर ती सुमारे १५ सें.मी. सरकेल. हीच लेन्स २०० मि.मी. वर आणून पुन्हा १० मीटरवरील पक्षी टिपला, तर सरकणे सुमारे २४ सें.मी. होईल. टिलव्याची संपूर्ण लांबी १५ सें.मी. च्या आत असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. लेन्सचे नाभीय अंतर जितके अधिक, तितकी क्षेत्रखोली कमी, म्हणून झूम पूर्ण लांबविल्यावर सुधारणेचा आकडाही मोठा लागतो, असे अनेकदा सांगितले जाते. वर पाहिल्याप्रमाणे ५०० मि.मी. वर फोकसची पातळी कमी सरकते आणि २०० मि.मी. वर अधिक. क्षेत्रखोलीही त्याच प्रमाणात कमी-अधिक होते. परिणामी चित्रातील अस्पष्टता दोन्हीकडे सारखीच राहते. याचे गणित सोपे आहे : फोकस चुकल्याने बिंदूचा जो ठिपका होतो, त्याचा व्यास म्हणजे फोकसमधील चूक भागिले लेन्सच्या छिद्राचा एफ-क्रमांक. ०.१ भागिले ५.६ म्हणजे सुमारे ०.०१८ मि.मी. डी-५०० च्या संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००४२ मि.मी. आहे. म्हणजे बिंदू पसरून चार पिक्सेलांहून थोडा मोठा होतो. या सूत्रात नाभीय अंतरही नाही आणि वस्तूचे अंतरही नाही.

तात्पर्य, कॅमेऱ्याच्या अंगचा दोष झूमच्या सर्व स्थितींत एकसारखाच असतो. तो एका आकड्याने दूर होऊ शकतो. वेगवेगळ्या नाभीय अंतरांवर वेगवेगळे आकडे लागत असतील, तर त्याचे कारण कॅमेऱ्यात नसून लेन्समध्ये शोधले पाहिजे.

लेन्सचा वाटा :

कोणत्याही लेन्समध्ये थोडे गोलीय विपथन शिल्लक असते. लेन्सच्या मध्यातून आणि कडेतून गेलेले किरण अगदी एकाच ठिकाणी मिळत नाहीत. फोकस-संवेदक लेन्सच्या ठरावीक भागांतून आलेलेच किरण पाहतो, तर चित्रसंवेदकावर संपूर्ण छिद्रातील किरण पडतात. म्हणून दोघांच्या मते ‘सर्वोत्तम’ असलेली जागा किंचित वेगळी असते. उत्पादक हा फरक जमेस धरतात, परंतु झूम लेन्समध्ये भिंगांचे गट आत सरकत असल्यामुळे विपथन नाभीय अंतराप्रमाणे आणि वस्तूच्या अंतराप्रमाणे बदलते. प्रत्येक प्रतीत थोडा निराळेपणाही असतो. त्यामुळे सर्व ठिकाणी पुरेल अशी एकच दुरुस्ती संभवत नाही.

वर्णीय विपथनाचा भागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तांबड्या व निळ्या प्रकाशाचे फोकस थोडे पुढेमागे असतात आणि फोकस-संवेदकाची वर्णसंवेदनशीलता चित्रसंवेदकासारखीच असते असे नाही. पिवळ्या दिव्याखाली, ट्यूबलाइटखाली आणि उन्हात त्यामुळे वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. पहिल्या प्रयत्नात ट्यूबलाइटच्या उजेडात, खोलीत जेमतेम सहा मीटर अंतर ठेवून चाचणी केली आणि उणे ९ हा आकडा कायम केला. नंतर माळरानावर बसलेल्या भोवत्याची एका सकाळची सर्व छायाचित्रे पाहता पक्ष्याच्या पुढील गवताची पाती रेखीव आणि पक्षी धूसर असल्याचे आढळले. आकडा शून्यावर आणताच दोष बव्हंशी नाहीसा झाला. लेन्स पूर्वीपासून ठीकच होती.

आकडा बदलण्यापूर्वी :

अंशशोधनातील सर्वांत मोठी चूक चाचणी सुरू होण्यापूर्वीच घडते. ती म्हणजे प्रत्येक धूसर छायाचित्राचे कारण फोकसमध्ये आहे असे गृहीत धरणे. चूक दोन प्रकारची असते. एक पद्धतशीर, म्हणजे दरवेळी एकाच दिशेने व जवळपास सारख्या प्रमाणात होणारी. दुसरी यादृच्छिक, म्हणजे कधी पुढे, कधी मागे होणारी. सुधारणेचा आकडा केवळ पहिल्या प्रकारच्या चुकीवर उपाय आहे. दुसऱ्या प्रकारच्या चुकीवर तो वापरल्यास निम्मी चित्रे सुधारतील आणि उरलेली निम्मी अधिक बिघडतील.

भिगवणचेच उदाहरण घेऊ. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात मिळालेली चित्रे चांगली असतात. ऊन चढू लागले, की पाण्यावरील व तापलेल्या चिखलावरील हवा थरथरू लागते. ५०० मि.मी. लेन्समधून चाळीस-पन्नास मीटरवरील पक्षी पाहताना ही थरथर दृश्यदर्शकातही जाणवते. अशा हवेतून काढलेल्या दहा चित्रांपैकी एखादे बरे येते, बाकीची वितळल्यासारखी दिसतात. यात लेन्सचा काहीही दोष नाही, आणि अशा चित्रांवरून काढलेला आकडा निव्वळ निरर्थक असतो. खात्रीसाठी त्याच वेळी लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून चित्र घ्यावे. तेही तसेच आले, तर अंशशोधनाचा विचार सोडून द्यावा व पक्ष्याच्या अधिक जवळ जाण्याचा किंवा दुसऱ्या दिवशी लवकर येण्याचा विचार करावा.

हाताचा कंप, होडीचे हेलकावे आणि अपुरी शटरगती यांमुळे येणारी अस्पष्टता बहुधा एका दिशेने ओढल्यासारखी दिसते. फोकस चुकल्यास मात्र चित्रात कोठेतरी, पक्ष्याच्या पुढे किंवा मागे, एखादा पट्टा रेखीव आढळतो. असा पट्टा कोठेच नसेल, तर संशय फोकसवर घेऊ नये. या लेन्सच्या पुढे ९५ मि.मी. व्यासाचा फिल्टर बसतो. संरक्षणासाठी बसविलेला हलक्या प्रतीचा फिल्टर काढून पाहिल्यावर ‘सदोष’ लेन्स बरी झाल्याचे प्रसंगही घडतात.

चाचणीची पद्धत :

महागड्या साधनांची आवश्यकता नाही. वृत्तपत्राचे ठळक मथळे असलेले एक पान प्लायवुडच्या फळीवर ताणून चिकटवावे. फळीशेजारी एक लांब पट्टी कॅमेऱ्याच्या दिशेने तिरपी अशी ठेवावी, की तिचा मध्य बरोबर फळीच्या पातळीत येईल. फोकस फळीवर करावयाचा आणि वाचन पट्टीवर. तिरप्या पट्टीवरच फोकस करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. दृश्यदर्शकात दिसणाऱ्या चौकोनापेक्षा संवेदकाचे प्रत्यक्ष क्षेत्र मोठे असू शकते, त्यामुळे तो पट्टीच्या कोणत्या भागावर स्थिरावला हे सांगता येत नाही.

फळी लेन्सच्या अक्षाला काटकोनात असावी. उजेड दिवसाचा, शक्यतो मोकळ्या सावलीतील असावा. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर ठेवून कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ/५.६ ठेवावे आणि मधला फोकस-बिंदू निवडावा. अंतरासाठी नाभीय अंतराच्या सुमारे ५० पट हा संकेत रूढ आहे. ५०० मि.मी. साठी ते २५ मीटर होते. महाविद्यालयाची लांब ओवरी किंवा इमारतीची सावलीतील बाजू त्यास पुरते. तरीही आपण प्रत्यक्षात ज्या अंतरावर छायाचित्रे घेतो, तेच अंतर चाचणीसाठी घेणे अधिक शहाणपणाचे होय.

प्रथम आकडा शून्यावर ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये तीन-चार चित्रे घ्यावीत. ही आपली कसोटी. त्यानंतर आरशामार्गे फोकस करून किमान दहा चित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रापूर्वी फोकस हाताने बिघडविणे अत्यावश्यक आहे, तेही एकदा जवळच्या टोकाकडे आणि एकदा अनंताकडे. फोकस न हलविता बटण पुन्हा दाबल्यास लेन्स जागची हलत नाही आणि एकाच मापनाच्या दहा प्रती हाती येतात.

यानंतर चित्रे संगणकावर पूर्ण आकारात पाहून पट्टीवरील सर्वांत रेखीव खूण नोंदवावी आणि पट्टीचा तिरपेपणा लक्षात घेऊन ती फळीच्या किती मागे वा पुढे येते ते काढावे. समजा, दहा वाचनांची सरासरी फळीच्या मागे २ सें.मी. आली आणि वाचनांचे प्रमाण विचलन ३ सें.मी. आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे ३ भागिले १० चे वर्गमूळ, सुमारे ०.९५ सें.मी. येते. सरासरी तिच्या दुपटीहून जेमतेम अधिक असल्यामुळे मागे चुकण्याची प्रवृत्ती आहे असे सावधपणे म्हणता येईल. हीच सरासरी तीनच चित्रांवरून काढली असती, तर प्रमाण त्रुटी सुमारे १.७ सें.मी. झाली असती आणि काहीच म्हणता आले नसते. दोन-तीन चित्रे पाहून आकडा ठरविणाऱ्यांना दर आठवड्यास नवा आकडा का सापडतो, याचे उत्तर यात आहे.

डी-५०० मध्ये उणे २० ते अधिक २० अशी मर्यादा आहे. अधिक आकडा फोकस कॅमेऱ्यापासून दूर नेतो, उणे आकडा जवळ आणतो. म्हणजे फोकस मागे चुकत असल्यास उणे आकडा द्यावा. प्रत्यक्षात कोणताही आरसा वा स्क्रू हलत नाही, संवेदकाने काढलेल्या उत्तरात ठरावीक भर घातली जाते इतकेच. प्रारंभी ५ च्या टप्प्याने व नंतर २ च्या टप्प्याने पुढे जावे. एकेका अंकाचा फरक वाचनांच्या विखुरलेपणात बुडून जातो, तेव्हा त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आकडा १५ च्या पलीकडे जाऊ लागल्यास कॅमेरा आणि लेन्स दोन्ही दुरुस्ती केंद्रात नेणे इष्ट. दुसरी लेन्स लावूनही तेवढाच दोष दिसला, तर तो कॅमेऱ्याचा समजावा.

डी-५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूशी तुलना करून आकडा आपोआप काढण्याची सोयही आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस नीट बसवून फोकस-प्रकाराचे आणि चलत्‌चित्रणाचे बटण एकत्र दोन सेकंदांहून थोडे अधिक दाबले, की कॅमेरा स्वतः आकडा सुचवितो. सोय उपयुक्त आहे, परंतु ती एकच वाचन घेते. दहा वेळा केल्यास आकडे वेगवेगळे येतात. त्यांपैकी मधला घ्यावा. उत्पादकाने माहितीपुस्तिकेत ही सुधारणा आवश्यक असेल तरच वापरावी असे बजावले आहे, तसेच ती लागू असताना अगदी जवळच्या किंवा अनंत अंतरावर फोकस होणार नाही, अशी शक्यताही नमूद केली आहे.

एक आकडा, अनेक नाभीय अंतरे :

समजा, चाचणीत ५०० मि.मी. वर उणे ६ आणि २०० मि.मी. वर अधिक २ योग्य ठरला. डी-५०० मध्ये एका लेन्ससाठी एकच आकडा नोंदविता येतो. अशा वेळी सरासरी काढून उणे २ ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण सरासरीने दोन्ही टोके चुकीचीच राहतात. पक्षी-छायाचित्रण करणारा बहुतेक वेळ ५०० वरच असतो. त्याने तेथील आकडा स्वीकारावा आणि २०० वरील किंचित दोष सोसावा. सभारंभांची छायाचित्रे घेणाऱ्याचा निर्णय उलट असू शकेल. या निवडीचा आधार यंत्र नसून आपला वापर असतो.

कॅननने सन २०१२ मध्ये आलेल्या ईओएस ५डी मार्क-३ सारख्या कॅमेऱ्यांत झूमच्या दोन टोकांसाठी दोन आकडे ठेवण्याची सोय दिली. त्यापेक्षा मुळाशी जाणारा उपाय लेन्स-उत्पादकांकडून आला. सिग्माने सन २०१३ मध्ये ‘यूएसबी डॉक’ आणला. त्याद्वारे लेन्स संगणकाला जोडून चार नाभीय अंतरे आणि चार वस्तु-अंतरे अशा सोळा ठिकाणी वेगळी दुरुस्ती थेट लेन्समध्येच साठविता येते. टॅमरॉनचा ‘टॅप-इन कन्सोल’ याच जातीचा. लेन्सचा दोष लेन्समध्येच सुधारावा, हे वरील विवेचनाशी सुसंगत आहे. मात्र सोळा ठिकाणी प्रत्येकी दहा चित्रे म्हणजे एकशे साठ चित्रे होतात. ती नीट वाचण्याची चिकाटी नसेल, तर नेहमीच्या वापरातील तीन-चार ठिकाणेच तपासावीत. बाकीच्या घरांत अंदाजे आकडे भरण्यापेक्षा शून्य बरे. निकॉनच्या वर घेतलेल्या लेन्सला अशी सोय नाही.

आरसाविरहित कॅमेऱ्यांत कलाभेद ओळखणारी रचना चित्रसंवेदकावरच असते. त्यामुळे दोन वाटांचा प्रश्नच उरत नाही आणि कागदाच्या जाडीएवढ्या तफावतीची चिंता संपते. तरीही निकॉनच्या झेड मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकस-सुधारणेची सोय ठेवलेली आहे, कारण विपथनामुळे येणारा लेन्सचा वाटा पूर्णतः नाहीसा होत नाही. व्यवहारात मात्र तिची गरज क्वचितच भासते, आणि अशा कॅमेऱ्यावरील चित्रे धूसर येत असतील, तर शटरगती व हवा यांच्याकडे आधी पाहावे.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक गोष्ट प्रथम तपासावी. डी-५०० मधील सुधारणेचे आकडे कॅमेऱ्यात साठविलेले असतात, लेन्समध्ये नव्हे. पूर्वीच्या मालकाने स्वतःच्या २००-५०० साठी दिलेला आकडा यादीत तसाच असेल, तर त्याच प्रकारची आपली लेन्स लावताच तो तिला लागू होण्याची शक्यता असते. दुरुस्ती केंद्रातून परत आलेल्या लेन्सबाबतही हेच घडते, कारण दोष काढला गेला तरी त्यावरचा जुना उतारा कॅमेऱ्यात शिल्लक असतो. यादी उघडून तो आकडा पुसावा आणि चाचणी शून्यापासून सुरू करावी.